हँडलला हात न लावता

कारखान्यात तिला सगळे सरळबाई म्हणायचे. खडूची रेघ न मारता तिची शिवण सुतासारखी सरळ जायची, म्हणून. बोलणंही तसंच आहे, हे लोकांच्या लक्षात आलं ते नाव पडल्यानंतर. मॅनेजरनं एकदा नव्या शर्टाची कॉलर तिच्यासमोर धरून विचारलं होतं, "कशी वाटते?" "कुत्र्याच्या पट्ट्यासारखी," असं म्हणून तिनं मान खाली घातली आणि पुढचा शर्ट सुईखाली घेतला. कॉलर बदलली. मॅनेजरनं पुन्हा तिला काही विचारलं नाही.

सगळी नोकरी तिनं त्या एकाच कारखान्यात, खिडकीजवळच्या एकाच मशीनवर काढली. निवृत्त होताना तिला भेट काय द्यायची यावर बायकांमध्ये बराच खल झाला. भिंतीवरचं घड्याळ, असं जवळजवळ ठरलंच होतं. पण कोणीतरी शहाणपणा केला आणि तिलाच विचारलं. सरळबाई म्हणाली, "दुरुस्तीच्या खोलीत ते छोटं मिलिंग मशीन धूळ खात पडलंय. ते द्या."

हसावं की रडावं हे कोणाला कळेना. मिलिंग मशीन म्हणजे धातू कापायचं यंत्र. वर कटर गरगर फिरतो, खाली टेबल असतं. टेबलावर धातूचा तुकडा घट्ट आवळायचा आणि टेबलाच्या टोकाचं हँडल फिरवत तो हळूहळू कटरजवळून पुढे न्यायचा. हे मशीन तसं लहानखुरं होतं, हौशी माणसं घरात ठेवतात तसलं, तरी उचलायला दोघं लागतील इतकं जड. कारखान्याचा मेकॅनिक त्यावर सुटे भाग करायचा. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका गप्पा छाटत असताना सरळबाई डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसायची. बघता बघता शिकली. पुढे पुढे तर मेकॅनिकच म्हणायचा, "बाई, एवढं जरा घेता का करून? मी चहा पिऊन येतो." तो चहा सुट्टी संपेपर्यंत संपायचा नाही.

तर असं ते मशीन घरी आलं आणि कपडे वाळत घालायच्या बंद गॅलरीत बसलं. कपड्यांची दोरी बैठकीच्या खोलीत गेली. नवऱ्यानं ती मुकाट बांधून दिली. तो बस चालवून निवृत्त झालेला माणूस. जिथे आपलं चालायचं नाही तिथे हॉर्न वाजवू नये, एवढं त्याला कळत होतं.

मशीनबरोबर तिनं आणखी एक गोष्ट मागून आणली होती. ती ज्या शिलाई मशीनवर बसायची ते मोडीत निघालं होतं. त्याच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पायाचा वीतभर तुकडा तिनं भंगारातून उचलला, पुसला आणि पिशवीत टाकला. त्यातून तिला एक छोटं शिलाई मशीन करायचं होतं. कपाटात ठेवायचं शोभेचं नव्हे, खरोखर शिवणारं. सुई तिनं विकत आणली, बाकी सगळं स्वतः करायचं ठरवलं. "जन्मभर दुसऱ्याच्या मशीनवर शिवलं," ती नवऱ्याला म्हणाली, "आता एक माझं. मी केलेलं."

हळूहळू एकेक भाग होत गेला. सुईचा दांडा झाला, चाक झालं, बॉबिन बसायची इवलीशी डबी झाली. ती डबी तर तिनं तीनदा केली, कारण पहिल्या दोन "चालतील" अशा होत्या आणि चालेल हा शब्द तिला आवडत नाही. उरली ती बैठक, म्हणजे ज्याच्यावरून कापड सरकतं तो पाया. आणि तिथेच हातानं दगा दिला.

उजव्या अंगठ्याचं मूळ आधी नुसतं दुखायचं. मग हँडल फिरवताना कळ मनगटापर्यंत जायला लागली. सरळबाईनं कोणाला सांगितलं नाही. कधी नव्हे ती त्या एका बाबतीत ती वाकडी वागली. पण घरात लेक होती. लेक इस्पितळात एक्स-रे काढते. आईनं चहाचा कप डाव्या हातानं उचलला हे तिनं पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला ओढून नेलं. स्वतः फोटो काढला. फोटो उजेडावर धरला. अंगठ्याच्या सांध्यात जी फट दिसायला हवी ती दिसतच नव्हती. हाडावर हाड बसलं होतं.

डॉक्टर म्हणाले ते थोडक्यात असं: कात्रीनं आणि कापड ओढण्यानं निम्मं काम केलंच होतं, उरलेलं हँडल करतंय. असंच चालू राहिलं तर वर्षभरानं चमचासुद्धा धरता येणार नाही.

लेकीनं फर्मान काढलं, की हँडल बंद. सरळबाईनं त्यावर तोड म्हणून नवऱ्याला हँडलवर बसवलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला, पण हँडल तो बससारखंच चालवायचा. मध्येच वेग घ्यायचा, मध्येच थांबा आल्यासारखा थांबायचा. आणि फिरता कटर जिथे थांबतो तिथे धातूवर वळ उठतो. सरावाच्या पट्टीवर असे वळच वळ उमटले.

"अहो, इथे कोण चढलं?" तिनं एका वळावर बोट ठेवून विचारलं.

"मला शिंक आली," तो म्हणाला.

"आणि इथे?"

"तिथे येणार होती, पण आली नाही."

शेवटी त्याच्यावर ओरडून ओरडून तिनं स्वतःच पुन्हा हँडल हातात घेतलं, आणि नेमकी त्याच वेळी लेक दारात उभी. लेक ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, मी गिऱ्हाईक बघितलंय. चष्मे दुरुस्त करणारे एक आहेत, त्यांना असंच छोटं मशीन हवंय. रविवारी सकाळी येतील आणि घेऊन जातील."

"माझं मशीन?"

"तुझा हात तुला नकोय. मला हवाय." लेकीचा आवाज कापला. "तुझ्या हातचे शर्ट घालून मी मोठी झाले. मला तुला भरवायची वेळ यायला नकोय."

लेक बरोबर बोलत होती, हे सरळबाईला कळत होतं. आणि बरोबर बोलणाऱ्याशी भांडणं तिला जमत नसे. तिनं त्या बिडाच्या तुकड्यावरून हात फिरवला. त्या मशीनशिवाय सकाळी उठून आपण काय करणार, हे तिला समोर दिसेना. मग म्हणाली, "रविवारपर्यंत थांब. रविवारी मी हँडलला हात न लावता ही कड या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी कापली, तर मशीन राहील. नाही जमलं तर मी स्वतः जिन्यापर्यंत उचलू लागेन."

"तू काही उचलणार नाहीयेस," लेक म्हणाली. "पण ठरलं. रविवार."

टेबल मोटरनं चालवायचं, एवढं उघड होतं. मोटर कसली, हा प्रश्न होता. शिलाई मशीनची मोटर तिच्याकडे होती, पण ती पळते फार आणि ताकद काहीच नाही. टेबल तिला ढिम्म हललं नसतं. तेव्हा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेला नवरा म्हणाला, "वायपरची बघ."

"कसली?"

"काचेवरचा वायपर. मोटर मुठीएवढी असते, पण पावसात दिवसभर काच पुसते आणि कुरकुरत नाही. तुला सावकाश आणि दमदार पाहिजे ना? मग तीच."

सरळबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला वर्तमानपत्राची घडी घालावी लागली. हँडलवरून हकालपट्टी झालेला माणूस त्याच दुपारी जुन्या ओळखीवर मोडीच्या बाजारातून मोटर घेऊन आला. वर एक इशाराही दिला: या मोटरची परतीची वीज तिच्या अंगातूनच जाते, तेव्हा ती सरळ लोखंडावर बसवलीस आणि उलटी फिरवायला गेलीस तर ठिणग्या उडतील. मधे वीज न जाणारं काहीतरी घाल. सरळबाईनं इकडेतिकडे पाहिलं, स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरायचा जाड पांढरा प्लॅस्टिकचा फळा घेऊन आली. कापायला सोपा, मजबूत आणि विजेला दाद न देणारा. त्या संध्याकाळी नवऱ्यानं ताटलीवर कांदा चिरला.

पुढचे दिवस ती गॅलरीतून फारशी बाहेर पडली नाही. फळ्याची पट्टी कापून तिच्यावर मोटर आवळली. मोटरवर एक दातेरी चाक, टेबलाच्या स्क्रूवर दुसरं, आणि दोन्हींवर दातेरी रबरी पट्टा. वेग कमीजास्त करायला तिनं गोल बटण विकत आणलं, पण ते हातानं फिरवायचं तिला पटेना. मग माळ्यावरून आपलं जुनं शिलाईचं पॅडल काढलं आणि ते बटण त्याच्या पोटात बसवलं. पाय दाबला की टेबल निघणार, जास्त दाबला की जोरात, उचलला की जागच्या जागी थांबणार. तिच्या पायाला यापेक्षा ओळखीची गोष्ट जगात नव्हती. दिशा बदलायचा खटका तिनं उजव्या हाताशी लावला. का तिथेच, याचा तिनं विचार केला नाही. हाताला तीच जागा बरी वाटली.

पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा टेबल जरा कण्हलं. जड जात होतं. तिनं टेबलाच्या कडेचे आवळून धरणारे स्क्रू थोडे सैल केले. मग टेबल असं निघालं, की नवरा दारातून टाळ्या वाजवायला लागला. मोटर गुणगुणत होती, पट्टा फिरत होता, आणि टेबल कोणीही हात न लावता एका चालीनं सरकत होतं. सरळबाईनं पाय उचलला, ते थांबलं. दाबला, निघालं. मग तिनं उगीचच, नुसत्या आनंदानं, टेबल या टोकाहून त्या टोकाला नेलं आणि परत आणलं.

इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण जमलेली गोष्ट लगेच करून बघायची खाज सगळ्याच कारागिरांना असते. शुक्रवारी तिनं खरा तुकडा बांधला, तोच, आपल्या जुन्या मशीनचा. त्याच्या लांब कडेला एक सरळ पायरी कापायची होती. कटर सुरू केला, पाय दाबला. बिडाची काळी भुकटी उडायला लागली आणि मागे चकचकीत कड उघडी पडत गेली. एक वळ नाही, एक रेघ नाही. एका हातात ब्रश घेऊन ती भुकटी झाडत होती, दुसरा हात मोकळा होता. कड संपत आली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

आणि उजवा हात खटक्यावर गेला.

शिवण संपत आली की शिवणाऱ्या बाईचा हात आपोआप मशीनवरच्या उलट्या टाक्याच्या पट्टीवर जातो. पट्टी दाबली की मशीन दोन टाके मागे येतं आणि मग पुन्हा पुढे जातं; त्यानं शिवण पक्की होते, उसवत नाही. हे कोणी ठरवून करत नाही, पापणी लवते तसं होतं. सरळबाईच्या हातानं आयुष्यात जितक्या शिवणी संपवल्या तितक्या वेळा हेच केलं होतं. आज समोर कापड नाही, बीड आहे, हे हाताला कोण सांगणार?

टेबल मागे फिरलं. पुढे जाताना कटर तुकड्याला विरोध करत असतो, त्यामुळे सगळं ताणून घट्ट असतं. मागे येताना तोच कटर तुकड्याला स्वतःकडे ओढतो. त्यात टेबलाचे स्क्रू तिनंच सैल केलेले. खाडकन आवाज झाला, टेबल उडी मारल्यासारखं सरकलं, कटरचा दात तुटून भिंतीवर आपटला. तिनं पाय उचलला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हातानं फिरवत असती तर हाताला आधीच कळलं असतं. मोटरला काय, ती सांगितलं तेवढं करते.

कडेच्या शेवटाला बोराएवढा खड्डा पडला होता.

नवरा धावत आला. त्यानं आधी तिची बोटं मोजली, मग खड्डा पाहिला. "पोरीला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. तिनं तुकडा सोडवला, खड्ड्याची खोली मोजली आणि मग फोन उचलून लेकीलाच लावला.

"कड बिघडली," ती म्हणाली. "हात आपोआप उलट्या टाक्यावर गेला. कटर पण मोडला."

पलीकडून लेकीनं विचारलं, "लागलं का तुला?"

"नाही."

"मग रविवारी त्यांना यायला सांगू ना?"

"सांग. ठरलंय ते ठरलंय. पण रविवार अजून उजाडायचाय."

फोन ठेवल्यावर मात्र ती स्टुलावर बसून राहिली. कड आणखी थोडी आत घेतली तर खड्डा निघून जाणार होता, पण आत घ्यायला एकदाच पुरेल इतकंच बीड उरलं होतं. दुसरा तुकडा मिळणार नव्हता; ते मशीन केव्हाच वितळून गेलं होतं. एकदाच, आणि तोच हात. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ज्या हातानं तिला नाव मिळवून दिलं, त्यानंच घात केला होता, आणि त्याच्यावर रागावावं तर तो बिचारा त्याचं कामच तर करत होता. तिला रडू आलं. नवरा पाण्याचा पेला ठेवून निघून गेला.

थोड्या वेळानं तोच सल्ले घेऊन परत आला. खटक्यावर लाल कागद चिकटव. हात खिशात घाल. नाहीतर मी तुझा हात धरून उभा राहतो, लग्नात धरला होता तसा. "लग्नात तुम्ही डावा धरला होतात," ती म्हणाली, पण हसली. तिनं खटका डावीकडे लावून पाहिला. कटर बंद ठेवून, तुकडा न बांधता, नुसतंच टेबल चालवलं. शेवट आला की उजवा हात तिथे नसलेल्या खटक्याकडे जायचाच, आणि तो मिळाला नाही की ती इतकी गोंधळायची की पायसुद्धा उचलायचा राहायचा. हे आणखी वाईट.

"या हाताला आता शिकवणं काही जमायचं नाही," ती म्हणाली. "मशीनलाच शिकवते."

तिनं खटका पुन्हा पहिल्या जागी, अगदी उजव्या हाताखाली लावला. उलट जायची तार मात्र कापली आणि वळसा घालून कटरच्या बटणामधून आणली. आता कटर बंद असेल तेव्हाच उलट जायला वीज मिळणार होती. कटर फिरत असताना कोणी खटका उलटा केलाच, तर टेबल मागे येणार नव्हतं. वीजच नाही म्हटल्यावर जागच्या जागी थांबणार होतं. आणि कडेच्या शेवटाला टेबलानं नेमकं काय करायला हवं होतं? थांबायला. म्हणजे हातानं खुशाल आपल्या सवयीनं जावं. तो जाईल तेव्हाच काम संपेल.

हे सुचलं तेव्हा ती इतक्या मोठ्यानं "हां!" म्हणाली, की शेजारच्या घरातून कोणीतरी "काय झालं?" असं विचारलं. मग तिनं टेबलाचे सैल केलेले स्क्रू जिथल्या तिथे आवळले, टेबल जड जाऊ नये म्हणून त्याच्या सरकत्या कडांना भरपूर तेल पाजलं, आणि नवा कटर लावला.

रविवारी चष्मेवाला वेळेच्या आधीच हजर. सोबत दोरी आणि मशीन गुंडाळायला जाड चादर. माणूस भला होता, पण नवं खेळणं न्यायला आलेल्या मुलासारखा अधीर होता. लेकीनं त्याला ठरलेली अट सांगितली. "बघू की," तो चादरीवर बसत म्हणाला, "मला काय घाई नाही." पण त्यानं दोरीची गाठ तेवढी सोडून ठेवली.

लेकीनं आधी टेबलाच्या टोकाचं लांब हँडल मागितलं. कटर किती खोल उतरवायचा आणि टेबल आडवं किती सरकवायचं, त्याची छोटी हँडलं होती ती राहू दिली. ती नावापुरतीच फिरवावी लागत. मनगट खाल्लं होतं ते या लांब हँडलानं. सरळबाईनं ते स्क्रू काढून सोडवलं आणि लेकीच्या हातावर ठेवलं. लेकीनं ते पिशवीत टाकलं आणि चेन लावली.

"आता कर," ती म्हणाली. आवाज कडक होता, पण तिच्या कपाळावर घाम आला होता. आई हरावी असं तिला वाटत होतं की जिंकावी, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

सरळबाईनं कटर सुरू केला. पॅडलवर पाय ठेवला, आणि पाय ठेवताच तिची पाठ आपोआप ताठ झाली, कारखान्यात व्हायची तशी. टेबल निघालं. कटर बिडाला लागला आणि आवाज बदलला. भरला, खाली उतरला आणि तिथेच स्थिर झाला. भुकटी उडत होती. ती ब्रशनं झाडत होती. मध्ये बीड जरा कठीण लागलं, आवाज चढला. तिनं पाय केसभर हलका केला, आवाज पुन्हा जागेवर आला. हँडलवर असती तर इथे अंगठ्यातून कळ गेली असती. आता अंगठा नुसता ब्रशला टेकलेला होता.

खड्डा जवळ येत होता. कटर खड्ड्यात शिरला, क्षणभर आवाज हलका झाला, पुन्हा भरला. खड्ड्याची कड पुसट झाली, मग गेली. चकचकीत रेघ शेवटाकडे निघाली आणि कटर तुकड्याबाहेर पडू लागला.

आणि उजवा हात खटक्यावर गेला.

नवऱ्यानं डोळे मिटले. लेकीनं आईचा खांदा धरला. खटका टकदिशी वाजला, आणि टेबल थांबलं. नुसतं थांबलं, सांगितल्यासारखं. कटर वर आपला फिरत राहिला.

सरळबाईनं कटर बंद केला आणि त्या कडेवरून डाव्या हाताचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कुठेही अडलं नाही. मग ती वळली. तिचा चेहरा उजळला होता.

नवऱ्यानं डोळे उघडले. "झालं?"

"झालं! काय कड आलीय, बघा हो!" ती म्हणाली आणि चक्क उडी मारली, वयाला न शोभणारी, छोटीशी, पण उडीच.

चष्मेवाला केव्हाच चादरीवरून उठून मशीनपाशी आला होता. त्यानं पॅडल पाहिलं, पांढरी पट्टी पाहिली, खटका चार वेळा पुढेमागे करून पाहिला. मग लेकीकडे वळून म्हणाला, "मी साधं मशीन समजून आलो होतो. हे तर फारच झकास झालंय. ठरल्यापेक्षा जास्त देतो. आत्ताच नेतो. ते हँडल तेवढं द्या, टेबलाचं."

लेकीनं पिशवी छातीशी धरली. "हँडल माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहणार आहे."

"अहो, पण मशीनबरोबर..."

"मशीन विकायचं नाही."

"तुम्हीच तर बोलावलंत!"

"बोलावलं होतं. चुकलं माझं. पण तुम्ही बघितलंत ना?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "माझ्या आईनं केलंय ते. बघितलंत ना, हात कसा मोकळा होता तिचा?"

भला माणूस होता. त्यानं दोरी गुंडाळली, चहा घेतला, आणि जाताना एवढंच विचारलं की आपण दुसरीकडून मशीन आणलं तर बाई त्याला असं पॅडल लावून देतील का. सरळबाई म्हणाली, "देईन. पण भाजी चिरायचा फळा तुमच्या घरचा आणा."

छोट्या मशीनची बैठक झाली, खांब उभा राहिला, आणि एके दिवशी सगळं जुळलं. फक्त चाक फिरवायला मूठ हवी होती. लेकीनं न विचारता पिशवी उघडली. ते हँडल ती अजूनही बरोबर बाळगत होती. त्याची लाकडी मूठ काढून सरळबाईनं चाकावर बसवली. मग सुईत दोरा ओवला आणि कारखान्याच्या जुन्या शर्टाची एक पट्टी दुमडून खाली ठेवली.

"फिरव," ती लेकीला म्हणाली. "मी फक्त कापड धरते."

लेक फिरवू लागली. मध्येच वेग, मध्येच थांबा. "बापाची लेक," सरळबाई पुटपुटली. कोपऱ्यातून वर्तमानपत्राआडून हसू आलं. पण टाके पडत होते, एकामागे एक, आणि खडूची रेघ नसताना सरळ जात होते.

पट्टी संपली. लेक थांबली.

"अजून नाही," आई म्हणाली. तिनं कापड हलकेच फिरवलं, शिवणीचं टोक पुन्हा सुईखाली आणलं. "आता दोन टाके त्याच वाटेनं परत."

लेकीनं मूठ फिरवली. एक टाका. दुसरा. मग लेकीनंच दोरा कापला, पट्टीचे दोन्ही पदर धरले आणि जोर लावून ओढले. शिवण उसवली नाही.